ताईला घड्याळ नकोय!

बालमित्रांनो, दिवाळीची सुट्टी लागली, की घराघरांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, ‘चकलीच्या डब्याला कोणी हात लावला?’ आणि दुसरा, ‘यंदा ह्याला द्यायचं तरी काय?’ पहिल्याचं उत्तर तुम्हांला चांगलं माहीत असतं, फक्त तुम्ही ते सांगत नाही! दुसऱ्याचं मात्र खरंच अवघड असतं. आणि ज्याला द्यायचं तो जर यंत्रवेडा असेल, तर मग विचारूच नका.

यंत्रवेडी माणसं तुम्ही पाहिली असतीलच. कदाचित तुमच्याच घरात एखादं असेल, किंवा आत्ता हे वाचणारे तुम्हीच ते असाल. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला, की बाकीचे तो तळहातावर आपटतात. हा मात्र मागचं झाकण काढून आतली स्प्रिंग बघत बसतो. लग्नाला गेलं, की सगळे जिलबीकडे आणि हा मांडवामागच्या जनरेटरकडे. पंखा कुरकुरायला लागला, की आजी वैतागते आणि हा खाली उभा राहून, कान टवकारून ऐकतो, जणू काही गाण्याची बैठकच चाललीय!

अशा माणसासाठी आपण दुकानात जातो आणि विचारतो, ‘नवीन काय आलंय?’ दुकानदार तर ह्या प्रश्नाची वाटच बघत असतो. तो चकचकीत खोका काढून समोर ठेवतो, आपण पैसे देतो आणि पाडव्याच्या दिवशी ती वस्तू सगळ्या वाड्याला, सोसायटीला दाखवून होते. पुढे? पुढे आठ दिवसांनी ती खणात जाते. असं का होतं, माहीत आहे? कारण यंत्रवेडी माणसं सगळी सारखी नसतात. एकाला यंत्र वापरायला आवडतं. त्याला नवं घड्याळ, नवा स्पीकर द्या, तो खूश! त्यात काही वाईट नाही. पण दुसऱ्या जातीच्या माणसाला यंत्र कसं चालतं, ते हवं असतं. त्याला बंद खोका देणं म्हणजे भुकेल्या माणसाला कुलूपबंद डबा देण्यासारखं आहे. वरून नुसता वास घ्यायचा!

माझी भाची ह्या दुसऱ्या जातीची. नववीत आहे. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या सातवीतल्या भाच्याने, तिच्यासाठी भाऊबीजेची ओवाळणी कशी निवडली, तेच आज तुम्हांला सांगायचंय.

ही मंडळी राहतात कोथरूडला आणि मी सदाशिव पेठेत. सुट्टी लागल्या लागल्या भाचा माझ्याकडे राहायला आला. रात्री सगळे झोपल्यावर त्याने उशीखालून एक पाकीट काढलं. आत आठशे रुपये. वाढदिवसाचे, आजीने दिलेले आणि थोडे खाऊचे साठवलेले.

“मामा, ताईला भाऊबीजेला काहीतरी द्यायचंय. पण आपलं गुपित हं. घरी नाही सांगायचं.”

“का रे बाबा?”

“ती स्मार्ट घड्याळ पाहिजे म्हणतेय. वर्गात सगळ्यांकडे आहे म्हणे. पण मामा, ताईला घड्याळ नकोय. तिला घड्याळाच्या आत काय आहे, ते बघायचंय. आणि ते तिला बाबा बघू देणार नाहीत.”

आता हे ‘बाबा बघू देणार नाहीत’ काय प्रकरण आहे, ते मला ठाऊक होतं. सांगतो.

त्यांच्या घरी कातडी कव्हरचा एक जुना ट्रान्झिस्टर आहे. भाचीच्या आजोबांचा. आजोबा आता नाहीत. रेडिओ वाजायचाही नाही धड, नुसती खरखर यायची. पण भाऊजी दर रविवारी तो न चुकता पुसून ठेवायचे. गेल्या मे महिन्यात बाईसाहेबांच्या मनात आलं, की बाबांच्या वाढदिवसाला हा दुरुस्त करून त्यांना चकित करायचं. हेतू किती छान! दुपारी सगळे झोपलेले बघून तिने रेडिओ उघडला. आत काळ्या कांडीवर केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं, तोच रेडिओचा आतला एरियल. झाकण ओढताना त्यातलीच एक तार तुटली. झालं! होती ती खरखरही बंद.

भाऊजी रागावणारे नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. पण त्यांनी तो रेडिओ कव्हरात घातला, माळ्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे स्क्रू-ड्रायव्हर आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकले. ‘ह्यापुढे हिने घरातली कुठलीही वस्तू उघडायची नाही.’ एवढं एकच वाक्य. मुलांनो, आरडाओरडा परवडतो, पण असं एकच वाक्य फार लागतं. जेवताना जिची टकळी बंद व्हायची नाही, ती मुलगी गुपचूप जेवून उठायला लागली. आणि मग हळूहळू ‘मला स्मार्ट घड्याळ हवं’ सुरू झालं. उघडायची परवानगी नाही, तर निदान बाहेरून चकचकीत असलेलं तरी हवं!

सातवीतल्या पोराने हे सगळं ओळखलं होतं. मोठी माणसं भेटवस्तू निवडताना किंमत बघतात, जाहिरात बघतात. ह्याने आपली बहीण बघितली होती.

पण गुपित ठेवणं काही मला पटेना. तिने खोका उघडायचा, खूश व्हायचं आणि दोन मिनिटांत बाबांनी तो काढून घ्यायचा, ह्याला काय अर्थ आहे? म्हणून दुसऱ्या दिवशी भाच्याच्या देखतच मी भाऊजींना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला. मग आवाज आला, “बघा तुम्ही. पण ती विजेच्या बोर्डाला हात लावणार नाही, आणि जे काही करायचं ते मी घरात असताना.”

भाच्याने उडीच मारली. मी म्हटलं, चल तापकीर गल्लीत!

तापकीर गल्ली तुम्हांला माहीत आहे का? पुण्यातल्या बुधवार पेठेतली ही चिंचोळी गल्ली म्हणजे विजेच्या वस्तूंचं माहेरघर. वायर, बटणं, बल्ब, पंखे, माळा, काय हवं ते घ्या. तिथून जवळच पासोड्या विठोबाचं देऊळ आणि त्याच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं. बाहेरगावाहून येणार असाल, तर मंडईच्या मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. पण दिवाळीच्या तोंडावर जाल तर पाय ठेवायला जागा नसते बरं का! डोक्यावर लुकलुकणाऱ्या माळा, खाली माणसांचा पूर आणि मधूनच एखादा स्कूटरवाला ‘ओऽ बाजू’ करत घुसणारा.

एका दुकानात शिरलो. काउंटरवर चष्मा नाकावर ओढलेले काका. मागे भिंतभर छोटे छोटे खण, प्रत्येकावर बारीक अक्षरांतली चिठ्ठी. भाच्याने हिशेब आधीच पाठ करून ठेवला होता, तरी ऐन वेळी तो गडबडला.

“काका, आठशे रुपयांचं काहीतरी द्या.”

“काहीतरी?” काकांनी चष्म्यावरून बघितलं. “इथे काहीतरी मिळत नाही. कोणाला पाहिजे?”

“ताईला.”

“ताई इलेक्ट्रिशियन आहे का?”

“नाही. नववीत आहे.”

काका हसले नाहीत. हे मला फार आवडलं. त्यांनी विचारलं, “तिने आत्तापर्यंत काय काय उघडलंय?”

बघा हं, भेटवस्तू निवडताना विचारायचा ह्याहून चांगला प्रश्न मला तरी ठाऊक नाही! भाचा भडाभडा बोलत सुटला. रिमोट, गजराचं घड्याळ, विजेरी, जुना इयरफोन आणि तो रेडिओ. काकांनी एक रंगीबेरंगी तयार संच दाखवला खरा, पण स्वतःच तो बाजूला सरकवला. “हे लहान मुलांना ठीक आहे. चित्रात दाखवलंय तेवढंच होतं ह्यात. तिला चार दिवसांत कंटाळा येईल.” विकायला बसलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा खुशाल विश्वास ठेवावा.

मग त्यांनी एकेक वस्तू काढली. साधा डिजिटल मल्टिमीटर. बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच. एक ब्रेडबोर्ड, म्हणजे भोकाभोकांची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यात तारा नुसत्या खोचून सर्किट जोडता येतं, चुकलं तर उपटून पुन्हा लावायचं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी. वीस एलईडी. मूठभर रेझिस्टर. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर वायर.

सोल्डरिंग आयर्नपाशी मी अडलो. ते मेन्सच्या विजेवर चालतं आणि त्याचं टोक असं तापतं, की लागलं तर फोड ठरलेला. सोल्डर वायरच साधारण १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे टोक त्याहून बरंच गरम हवं. काकांचं म्हणणं, “गॅसवर पोळ्या करते ना ती? मग! स्टँड घ्या, मोठं माणूस शेजारी बसू दे आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे, वायरीत शिसं असतं.” भाऊजींची अट आठवली. ते घरात असतील तेव्हाच. घेतलं.

“आणि एलईडी वीस कशाला?” मी विचारलं.

“जळणार ना!” काका शांतपणे म्हणाले. “एकच दिला तर ती घाबरून लावणारच नाही.”

इथे जरा थांबू या. एलईडी जळतो का, ते तुम्हीही समजून घ्या, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात आणि बॅटरी आहे नऊ व्होल्टची. उरलेले सात व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत ना? ते काम रेझिस्टर करतो. ४७० ओहमचा रेझिस्टर लावला, की सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे ०.०१५ अँपिअर, अर्थात १५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एलईडीला एवढा पुरे. रेझिस्टर लावलाच नाही, तर बिचारा क्षणभर झक्क उजळतो आणि कायमचा झोपतो. ४७० चा रेझिस्टर कसा ओळखायचा? त्यावर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे पट्टे असतात. पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७ आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. शेवटचा पट्टा वेगळा असतो, तो किती अचूक आहे ते सांगतो. शाळेतला ओहमचा नियम दुकानाच्या काउंटरवर असा उपयोगी पडतो, बरं का!

सगळं मिळून आठशेला थोडे कमीच झाले. निघताना काकांनी एका पिशवीत जुन्या रेडिओ-टेपचे निघालेले भाग भरून दिले. “हे फुकट. मोडायला.”

भाऊबीजेला भाचीने भावाला ओवाळलं. त्याने तबकात ते जड पुडकं ठेवलं. तिने कागद सोडला, मल्टिमीटर दिसला, स्क्रू-ड्रायव्हर दिसले, आणि ती भावाकडे नाही, माझ्याकडे नाही, आधी बाबांकडे बघायला लागली. भाऊजींनी घसा खाकरला. “मी घरात असतानाच,” ते म्हणाले. एवढंच. बास! तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

त्यांच्या सोसायटीत पोरांनी किल्ला केला होता, सिंहगड. तुम्हांला माहीतच आहे, दिवाळी संपली तरी किल्ला लगेच कोणी मोडत नाही. संध्याकाळी बहीणभाऊ तिथे. कल्याण दरवाजापाशी दिवा लावायचा ठरला. भाऊराया घाईघाईने एलईडी थेट बॅटरीला लावून मोकळे! झक्क, आणि अंधार. दोन रुपयांचा धडा. मग ताईने रेझिस्टर लावून दिला आणि दरवाजा उजळला. रात्री उशिरापर्यंत बुरुजाबुरुजावर दिवे लागत होते. खालच्या मजल्यावरच्या एका छोट्या मावळ्याने तर पहाऱ्यावर बसायचं कबूल केलं!

आणि रेडिओ? सुट्टी संपायला तीन दिवस राहिले असताना भाऊजींनी स्वतः स्टूल घेतलं आणि माळ्यावरून तो खाली काढला. कोणी मागितला नव्हता. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, कव्हर काढलं आणि म्हणाले, “कुठली तार ते दाखव.” भाचीने मल्टिमीटरची दोन टोकं तारेच्या दोन टोकांना लावली. तार सलग असेल तर मीटर ‘पीं’ करतं. इथे आवाज नाही. म्हणजे तुटकी तार हीच. तिच्यावरचं इनॅमल हलकेच खरवडायला अर्धा तास गेला. भाऊजी भिंग धरून बसले होते. मग सोल्डरचा एक टिपका, आणि मीटर वाजलं, पीं!

मित्रांनो, तुम्हांला वाटेल आता रेडिओतून गाणी लागली असतील. नाही हो! खरखर परत आली, एवढंच. पण भाऊजी त्या खरखरीकडे कान लावून दहा मिनिटं बसले होते. रात्री अकराच्या सुमाराला मात्र कुठलं तरी दूरचं स्टेशन लागलं, न कळणाऱ्या भाषेतलं, आणि थोड्या वेळाने विरून गेलं. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री वातावरणाच्या फार वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात, दिवसा तशा पोचत नाहीत. म्हणून रात्री दूरची स्टेशनं लागतात. रेडिओ अजूनही पूर्ण दुरुस्त नाही. पण आता तो माळ्यावर नसतो, टेबलावर असतो, उघडाच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आठशे रुपये नाहीत. ठीक आहे! अरविंद गुप्ता हे नाव ऐकलंय? आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले हे गृहस्थ पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. खेड्यांतल्या शाळांमधून मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवायचं काम तिथे चाललं होतं. तिथे त्यांनी काय शोधून काढलं असेल? आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी! नळीच्या छोट्या तुकड्यांत काड्या खोचायच्या, की त्रिकोण, चौकोन, घर, घुमट, काय वाटेल ते उभं राहतं. विकतचा मेकॅनो त्यापुढे काय! पुढे बरीच वर्षं ते पुण्याच्या ‘आयुका’मधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत आणि मुलांना शिकवत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत.

त्यातलीच एक गंमत यंत्रवेड्या मित्रासाठी करा. एक सेल, एक छोटं लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना, एक रबरबँड आणि हातभर इनॅमलची तांब्याची तार. तारेचं वेटोळं करून दोन टोकं दोन बाजूंना सरळ बाहेर काढायची. एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त एका बाजूने, अर्धंच. पिना रबरबँडने सेलच्या दोन टोकांना उभ्या बांधायच्या, वेटोळं पिनांच्या भोकांत अडकवायचं आणि खाली सेलवर चुंबक. वेटोळ्याला हलकी टिचकी मारा, गरगर फिरायला लागेल! इनॅमल अर्धंच का खरवडायचं, हे मात्र मी सांगणार नाही. ते कोडंच त्या भेटीतली खरी मजा आहे. एक सूचना, खेळून झालं की वेटोळं काढून ठेवा, नाहीतर तार आणि सेल तापत राहतात.

पुण्यातला जुना बाजारही विसरू नका. बुधवार-रविवारचा बाजार म्हणून तो प्रसिद्ध आहे. तिथे चावीचं जुनं गजराचं घड्याळ मिळालं, तर डोळे मिटून घ्या. त्यात वीज नाही, शॉक नाही, आणि दातेरी चाकं एकमेकांना कशी ढकलतात, ते डोळ्यांना दिसतं. फक्त उघडण्याआधी चावी पूर्ण उतरू द्यायची, नाहीतर गुंडाळलेली स्प्रिंग फटकन सुटते.

आणि आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, ते बघून घ्या. घरात बारकं मूल असेल, तर बटणासारखे चपटे सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. ते गिळले गेले, तर पोटात भयंकर इजा करतात. ‘घे, खेळ’ म्हणून जुना मोबाईल उघडायला देऊ नका. त्यातली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. ड्रोनचा हट्ट असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही. पण म्हणून तो कुठेही उडवता येतो असं नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, तेव्हा पुणेकरांनी आधी सरकारी नकाशा बघावा. बाकी, एक टेबल आणि त्यावर चार दिवस पसारा तसाच राहू द्यायची परवानगी, ही भेट बाजारात मिळत नाही. ती तुमच्याकडेच असते.

जुनी वस्तू भेट द्यायला लाज वाटते का? मग ही गोष्ट ऐका. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांनी शास्त्रज्ञ सूर्याच्या रेडिओ लहरी टिपत असत. त्यांचं काम झालं. नव्या मोठ्या दुर्बिणीचे बेत सुरू झाले आणि ह्या तबकड्या मोडीत निघायची वेळ आली. तेव्हा तिथे भारतातून शिकायला गेलेला एक तरुण होता, गोविंद स्वरूप. त्याच्या मनात आलं, ह्या आम्हांला मिळाल्या तर? ऑस्ट्रेलियाने त्या तबकड्या भारताला चक्क भेट दिल्या! त्या आल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आणि तिथे काही वर्षं पडून राहिल्या. स्वरूप पुढे अमेरिकेला गेले, तिथून १९६३ मध्ये परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्याच जुन्या तबकड्यांमधून आपल्या कल्याणजवळ रेडिओ दुर्बीण उभी केली. वापरलेल्या, दुसऱ्यांना नकोशा झालेल्या वस्तूंमधून!

तीच माणसं त्या तबकड्यांवर हात बसवून पुढे गेली. १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण झाली आणि नंतर आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जगप्रसिद्ध महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. तीस तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी म्हणजे भक्कम पत्रा असेल असं वाटतं ना? नाही, ती बारीक तारेची जाळी आहे! रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं दिसतच नाहीत. आणि जाळीतून वारा निघून जातो, म्हणून एवढी अवाढव्य तबकडी हलकी आणि स्वस्त करता आली. ही दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचं कार्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. गोविंद स्वरूप २०२० साली, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळाशाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन तिथे येतात. आम्हीही जायचं ठरवलंय. भाऊजींनी त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवलीय. भाचीचं म्हणणं, रेडिओ बरोबर घ्यायचा. मी तिला सांगितलं, दुर्बिणीजवळ असली यंत्रं चालवू देत नाहीत, मोबाईलसुद्धा बंद ठेवायला लावतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की आपल्या खेळण्यांच्या गोंगाटात ते बुडून जातात. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, “बरं, रेडिओ घरी. स्क्रू-ड्रायव्हर तरी न्यायचा का?”